पर्णनीलेचे चित्र

फार पूर्वी शाल्मलीनगरात अरिंजय राजा राज्य करीत असता बोधिसत्त्व त्याच्या पदरी चित्रकार होता. राज्यातल्या सगळ्या फुलपाखरांची चित्रे आपल्या महालात असावीत, असे राजाच्या मनाने घेतले. बोधिसत्त्वाने अकरा वर्षे रानोमाळ हिंडून ती काढली. राहिली एकच, पर्णनीला. पंख मिटले की ती वाळक्या पानासारखी दिसे. उघडले की आतून गर्द निळी. राजा म्हणाला, "या शरदात तिचा निळा रंग दाखव. नाहीतर इथे तुझे काम उरले नाही."

बोधिसत्त्व थकला होता. चढावर धाप लागे, उतारावर गुडघे दुखत. रोहक नावाचा वनचर वाट दाखवीत पुढे चाले. चाळीस दिवस त्यांना खरोखरीची वाळकी पानेच दिसली. एकेचाळिसाव्या दिवशी रोहकाने त्याचा हात दाबला. कारवीच्या झुडपावर पर्णनीला पंख मिटून बसली होती.

"आचार्य, फांदी हलवतो. उडाली की जाळे टाकतो."

बोधिसत्त्वाने वाकून पाहिले. "थांब. ती अंडी घालते आहे."

"घालू दे की! आपले पाय झिजले त्याचे काय?"

"पाय माझेही दुखताहेत, बाबा. पण तिचा ऋतू संपत आला. आज हुसकली तर पुन्हा बसेलच असे नाही."

तो तिथेच खाली बसला आणि दिसत होते तेवढे रंगवू लागला. ती या पानावरून त्या पानावर सरके, पंख मिटलेलेच. ऊन कलले. शेवटचे अंडे घालून ती उडाली. निळी झाक दिसली न दिसली, तोच झाडीत नाहीशी झाली.

राजाने चित्र पाहिले. "हे तर वाळके पान!"

"महाराज, मला ती अशीच दिसली. निळे डोळा भरून पाहिले नाही, म्हणून काढले नाही."

राजाने त्याला कामावरून दूर केले.

वेशीबाहेर रोहक चिडून म्हणाला, "अकरा वर्षे पाण्यात गेली!"

"गेली खरी," बोधिसत्त्व म्हणाला आणि रस्त्याच्या कडेलाच बसला. "पण त्या झुडपावर आता अंडी आहेत."

रोहकाचा राग ओसरला. "उठा, आचार्य. माझ्या पाड्यावर चला. दोन घास खा, नि हवे तितके झोपा."

बोधिसत्त्व तिथे दोन दिवस झोपला.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज आपल्याला हे वन दान देणारा श्रेष्ठी सुमंगल. रोहक म्हणजे आजारी भिक्षूंचे पाय चेपणारा ज्येष्ठ भिक्षू सोमदत्त. तो चित्रकार मीच होतो. अंगात त्राण उरले नसतानाही जी दुसऱ्याच्या जिवासाठी थांबते, तिला करुणा म्हणावे."