ढोलीची वाट

लई वर्षांमागची गोष्ट. माणूस तेव्हाही शहाणा नव्हता.

समुद्रापार निलगिरीच्या झाडांच्या रानात पोसम नावाचं जनावर होतं. ते कांगारूच्या भाऊबंदांतलं, पण खारीएवढं, आणि झाडाच्या ढोलीत राहणारं. त्यातली एक आई पोटाच्या पिशवीत पिल्लू घेऊन एका म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत सुखानं नांदत होती. ते झाड पोकळ, म्हणजे बिनकामाचं, असं ठरवून लाकूडतोड्यांनी पाडलं. अक्कल बघा!

ती शेजारच्या तरण्या झाडाकडं गेली. "बाळा, ढोलीपुरती जागा दे. उघड्यावर घुबड पोराला उचलील."

झाड ताठून म्हणालं, "मावशे, माझ्या अंगाला भोक नाही. वाळवीला मी कधी शिवू दिलं नाही. कसा सोटा उभा आहे बघ!"

"बघितला. पण सोट्यात झोपायचं कुठं?"

तेवढ्यात पिशवीतून पिल्लू म्हणालं, "आई, घरी कधी जायचं?"

झाडाचा ताठा तिथंच उतरला. त्यानं बुंध्याशी फिरणाऱ्या वाळवीला हाक मारली, "ये बाई, मला आतून पोखर."

वाळवी म्हणाली, "पोखरते. पण ढोली व्हायला शंभर वर्षं लागतील."

"लागू देत. तू सुरू तर कर."

तेव्हापासून पोसम पोराला घेऊन पानांआड, घुबडाची नजर चुकवत राहू लागली. रोज दिवस मावळला की ती त्या खोडाला कान लावायची. आत बारीक कुरकुर चालू असायची.

"काय ऐकतेस, आई?"

"घर होतंय रे."

"आपलं?"

तिनं पोराला पिशवीत ओढून घेतलं. "आपल्यातल्याच कुणाचं तरी," ती म्हणाली.