हिंवाईच्या गोधडीची कहाणी

ऐक गं हिंवाई, तुझ्या गोधडीची कहाणी. बायांनो, हातात चार तीळ घ्या, सुईदोरा खाली ठेवा आणि हुंकार देत राहा. मध्येच गप्पा मारील तिची भाकरी करपेल, मग मला बोल लावायचा नाही.

आटपाट एक नगर. नगराला नदी, नदीला घाट, घाटाच्या वर राजाचा महाल. राजाला राणी एकच, नाव कांतावती. महालात हत्ती होते, घोडे होते, जेवायला सोन्याचं ताट होतं. पण त्या घरात जुनं म्हणून काही नव्हतं. रीतच तशी. लुगडं एकदा नेसायचं, सोडायचं आणि मागल्या परसात जाळायचं. राजाघरचं वस्त्र परक्याच्या अंगाला लागू नये म्हणून. रोज सांजेला परसातून धूर निघे आणि नगरातल्या बाया म्हणत, राणीनं लुगडं सोडलं वाटतं.

महालाच्या मळ्यात सगुणा नावाची माळीण राबे. हिंवाई म्हणजे थंडीची देवी, तिचा ती वसा करी. थंडी पडली म्हणजे घरातली जुनी धडुती काढी, दुपारच्या उन्हात पाय पसरून गोधडी शिवी, तोंडानं ओव्या म्हणे. एके वर्षी कार्तिक सरत आला आणि तिला कापड कमी पडलं. मग ती राणीकडं गेली. म्हणाली, बाईसाहेब, जाळायचंच आहे तर त्यातलं एक लुगडं मला द्या, देवीच्या नावानं गोधडीत घालते. राणी मातलेली. आमची चिंधी तुझ्या अंथरुणात का, म्हणाली, आणि तिच्यादेखत लुगड्याला काडी लावली. माळीण मळ्यात परतली. पण हिंवाईनं ते पाहिलं. माणसं रागावतात, देव रुसतात. हिंवाई रुसली.

राणीला कोजागिरीची लेक झाली होती. नाव उजळा. सव्वा महिन्याची पोर, कापसासारखी. तिला त्या दिवसापासून हिंव भरलं. हात गार, पाय गार, ओठ निळे. रडेसुद्धा ना, नुसती थरथरे. मग राजानं काय केलं? पहिल्या दिवशी महालभर शेगड्या पेटवल्या. पोर गारच. दुसऱ्या दिवशी देशोदेशीच्या शाली आणल्या, एकीवर एक सात पांघरल्या. पोर गारच. तिसऱ्या दिवशी राजवैद्य आला. त्यानं नाडी पाहिली, मान खाली घातली. म्हणाला, या घरात ही पोर आठवडा काढायची नाही.

राणीनं ते ऐकलं. मग तिला महाल दिसेना, माणसं दिसेनात. लेक छातीशी धरली आणि अनवाणी धावत सुटली. धावता धावता मळ्यात आली, माळणीच्या झोपडीत शिरली. सगुणा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं काय, कसं, का, काही विचारलं नाही. पिठाच्या हातानंच पोर घेतली, चुलीशेजारी निजवली, वर आपली गोधडी घातली. भाकरी तव्यावर फुगायला लागतो तेवढा वेळ गेला. पोरीचे तळवे गरम झाले. पोरीनं तोंड वासलं आणि दुधासाठी भोकाड पसरलं. लेकीचं रडणं इतकं गोड असतं हे राणीला त्या दिवशी कळलं.

मग राणीनं ती गोधडी मागून घेतली, लेकीला गुंडाळून महालात नेली. उंबरा ओलांडला, पोर गार. परत झोपडीत आणली, गरम. पुन्हा महालात नेली, गार. असं तीनदा झालं. तेव्हा राणीनं माळणीचे पाय धरले. म्हणाली, माझं चुकलं. ही गोधडी माझ्या घरात का चालत नाही, सांग.

माळीण म्हणाली, "बाई, हिच्यात माझ्या सासूचं लुगडं आहे, धन्याचं धोतर आहे, माझ्या लेकरांची अंगडी आहेत. आमचं जुनं, आमची ऊब. ती आमच्या उंबऱ्याआतच राहणार. तुझ्या घरात लेक जगवायची तर तुझं जुनं पाहिजे."

राणी म्हणाली, "माझ्या घरात जुनं काही नाही गं. सगळं मी जाळलं."

"मग नवं घे आणि जुनं कर."

राणी म्हणाली, मला तुझा वसा सांग. माळीण म्हणाली, उतशील, मातशील आणि चौथ्या दिवशी कंटाळशील. राणी म्हणाली, उतणार नाही, मातणार नाही, कंटाळले तरी टाकणार नाही. मग माळणीनं वसा सांगितला. मार्गशीर्षाच्या पहिल्या आदितवारी कोरं सुती लुगडं नेसावं. जरीचं नको, लेकराला टोचतं. तेच रोज नेसावं, त्यातच घरचं, मळ्यातलं सगळं काम आपल्या हातानं करावं. ते जुनं झालं की त्याची गोधडी शिवावी. गोधडीच्या पोटात भाकरीचा घास घालावा. आणि ऊब मागेल त्याला नाही म्हणू नये.

राजाला हे कळलं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. राणी लेकीला घेऊन माळणीच्या घरी राहणार, राबणार, लोक काय म्हणतील? राणी म्हणाली, लोक काय म्हणतील ते म्हणोत, मला लेक जिती पाहिजे. मग राजा रोज मळ्याच्या कुंपणापर्यंत येई, उजळेचं रडणं ऐकी आणि माघारी जाई.

मार्गशीर्षाचा पहिला आदितवार आला. राणी कोरं लुगडं नेसली, खळीनं कडकडीत, चालली की वाजे. सगुणेनं तिला पहाटे विहिरीवर नेली. राणीनं भीत भीत घागरीत हात घातला, तो पाणी कोमट! वर हवा अशी की दातावर दात वाजतात, आणि विहिरीच्या पोटात पाणी कोमट. राणीनं विचारलं, हे कुणी तापवलं? सगुणा म्हणाली, कुणी नाही, हे रोजचंच आहे. राणी घागर धरून उभीच राहिली, वाफ तोंडावर घेत राहिली. बायांनो, आपण जन्मभर पाणी शेंदतो. तिच्यासारख्या कधी उभ्या राहिलो का, सांगा.

मग ती हरभऱ्यात शिरली. पानापानावर दव. ओचा भिजला, बोट ओलं झालं, राणीनं बोट चाखलं तर आंबट. राणीला वाटलं, आपलीच जीभ बिघडली. सगुणा हसली. ही हरभऱ्याची आंब, म्हणाली, आणि राणीचा ओचा वाटीत पिळून घेतला. पोटदुखीला औषध म्हणून. मग शेवंती खुडली, वालाच्या वेलाला मांडव केला, पाट मोडून मेथीला पाणी दिलं. कुणी सांगावं नि राणीनं चकित व्हावं, असं चाललं. वालाची शेंग उन्हापुढं धरली तर आतले दाणे दिसतात, हे पाहायला तिनं उजळेलाही कडेवर घेतली. मार्गशीर्ष सरला. राणीनं विचारलं, बाई, झालं का गं लुगडं मऊ? सगुणेनं पदर दोन बोटांत चोळून पाहिला. म्हणाली, अजून खळ आहे.

मग राणी चुलीपुढं बसली. पहिली भाकरी थापली, मोडली. दुसरी थापली, जळली. तिसरी तव्यावर टाकली, पालटली, विस्तवापुढं उभी केली, ती टम्म फुगली. आत वारा नाही, भाता नाही, आणि बाजरीचं पीठ उभं राहिलं. राणीनं चुलीला हात जोडले. त्या भाकरीवर तीळ, तिच्यावर लोण्याचा गोळा, शेजारी वांग्याचं भरीत. राणी सोन्याच्या ताटात जेवलेली बाई, पण त्या दिवशी तिनं बोटं चाटली. अर्धा पौष सरला. बाई, झालं का गं मऊ? सगुणेनं पदर चोळून पाहिला. म्हणाली, खळ गेली, पण अजून तोरा आहे.

मग राणीनं अंगण सारवलं, नदीवर धुणं धुतलं, लुगडं वाळेस्तोवर सगुणेचं नेसून बसली. सगळ्यांत अवघड काम शेवटी शिकली. दुपारी पाठ उन्हाला द्यायची, पाय पसरायचे, लेकीला पायांवर घेऊन तेल चोळायचं आणि दुसरं काही म्हणून करायचं नाही. आधी तिला चैन पडेना. मग ऊन मणक्यामणक्यातून उतरलं. लेक तेलानं चमकत हुंकारली. राणीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, सगुणे, हे सगळं इथंच होतं का गं? आणि मी वर खिडक्या लावून बसले होते. सगुणेनं भुईमुगाच्या शेंगा पुढं सारल्या.

पौषाची अवस आली. राणी सारवता सारवता उठली आणि लुगडं गुडघ्यावर टरकलं. राणी धावत आली, म्हणाली, सगुणे, फाटलं! लुगडं फाटलं म्हणून नाचणारी बाई नगरात पहिल्यानंच दिसली. सगुणेनं पदर चोळून पाहिला, गालाला लावून पाहिला. म्हणाली, आता झालं.

मग राणी गोधडी शिवायला बसली. एका लुगड्याची गोधडी ती केवढी? लेकीच्या दुपट्याएवढी. घड्या घातल्या, धावदोरा घातला. बोटाला सुई टोचली, रक्त आलं, बोट तोंडात धरलं, पुन्हा टाका घातला. सात दिवस शिवली. एक कोपरा उरला. राणीनं गळ्यातला टपोरा मोती काढला, म्हणाली, गोधडीच्या पोटात हा घालते. सगुणा म्हणाली, मोती खाऊन कुणाचं पोट भरलं? उपाशी गोधडी माणसाचीच ऊब खाते. मग राणीनं आपल्या हातच्या भाकरीचा घास कोपऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, टाका मारला.

रथसप्तमीची पहाट झाली. राणीनं माळणीला नमस्कार केला, लेकीला गोधडीत गुंडाळलं आणि महालाची वाट धरली. झोपडीचा उंबरा ओलांडला, लेक गरम. मळा ओलांडला, लेक गरम. राणी घाटाशी आली. पाहते तो पायरीवर एक म्हातारी बसलेली. केस पांढरे, अंगावर वस्त्राची चिंधी नाही, हाडं कडकड वाजतायत. म्हातारी म्हणाली, मुली, मला पांघरूण दे.

राणी थबकली. महाल समोर दिसतोय, चार पायऱ्या राहिल्यात. गोधडी दुपट्याएवढी. म्हातारीला घातली तर लेक उघडी, लेकीला ठेवली तर म्हातारी उघडी. वैद्याचं बोलणं कानात वाजलं. तिनं लेक घट्ट धरली, एक पायरी चढली. म्हातारी पुन्हा म्हणाली, पांघरूण दे. राणी रडायला लागली, दुसरी पायरी चढली. म्हातारी तिसऱ्यांदा काही म्हणाली नाही. नुसती कुडकुडली. ते राणीला ऐकवलं नाही.

ती माघारी आली, पायरीवर म्हातारीला खेटून बसली. लेक दोघींच्या मध्ये घेतली. डोळे मिटले, गोधडीचं एक टोक म्हातारीकडं ओढलं. टोक आलं. आणखी ओढलं, आणखी आलं. गोधडी म्हातारीच्या खांद्यावरून गेली, पाठीवरून गेली, पावलं झाकून उरली. राणीनं डोळे उघडले. लेक झाकलेली, म्हातारी झाकलेली, आपणही झाकलेली. बायांनो, नऊ वार लुगडं ते, घड्या घालून दुपट्याएवढं झालेलं. कुठून पुरलं? मला ठाऊक नाही. मी फक्त सांगते.

म्हातारीचं कापरं थांबलं. ती म्हणाली, "मी हिंवाई. थंडी मी आणते, ऊब मला आणता येत नाही, ती तुमच्याच हातची. मी आले की माणसं दारं लावतात, शेगड्या पेटवतात, मला घालवतात. युगं झाली, मी कुडकुडते आहे. मला पांघरूण घालणारी तूच पहिली."

आणि देवीनं राणीच्या खांद्यावर डोकं टेकलं, लेकरासारखी झोपली. राणी हलली नाही. देवीचा श्वास तिच्या गळ्याशी लागत होता, आधी गार, मग कोमट, मग ऊन. तेवढ्यात सूर्य वर आला. पाण्यावर ऊन पडलं, पायऱ्यांवर पडलं, खांद्यावर पडलं. राणीनं वळून पाहिलं. खांदा दवानं भिजलेला, दुसरं कुणी नाही.

राजा पालखी घेऊन सामोरा आला. पाहतो तो घाटावर राणी बसलेली, मांडीवर उजळा पाय झाडत हसतेय. त्यानं भीत भीत लेकीचा तळवा धरला. गरम. राजा तिथंच पायरीवर बसला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मलाही फार थंडी वाजते गं. किती वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही."

राणीनं गोधडीचं टोक उचललं. "या," म्हणाली. राजा आत आला. गोधडी त्यालाही पुरली.

जशी राणीला हिंवाई पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. तुमच्या विहिरीला कोमट पाणी राहो, चुलीवर भाकरी फुगो, लेकराचे तळवे गरम राहोत, आणि मागेल त्याला तुमचं पांघरूण पुरो. ही साठां उत्तरांची कहाणी पाचां टाक्यांत शिवली, देवाच्या दारी, माळणीच्या दारी, सुफळ संपूर्ण झाली.