दोन तास चाळीस मिनिटे

तंत्रनिकेतनात तीस वर्षे संगणकाची सी भाषा शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे एकदा त्यांचा एक जुना विद्यार्थी सकाळीच आला. तो आता नावाजलेला प्रोग्रॅमर होता. एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातील नोंदींचा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता. त्यात एक चूक निघाली होती आणि ती त्याने अर्ध्या तासात दुरुस्त केली होती. बाईंनी 'बरं केलंस' म्हणावे, एवढ्यासाठी तो आला होता.

हकिगत अशी होती. एक गृहस्थ छातीत कळा येणाऱ्या पत्नीला घेऊन अकरा वाजून दहा मिनिटांनी त्या रुग्णालयात पोहोचले. डॉक्टर आले ते एक वाजून पन्नास मिनिटांनी. त्याच वेळी त्यांनी तिला मृत घोषित केले. गृहस्थांनी तक्रार केली. चौकशी समितीने मृत्यूनोंदीचा कागद पुढे ठेवला. त्यावर आगमनाची वेळ एक पन्नास होती, आणि मृत्यूची वेळही एक पन्नास. तुमच्या पत्नीला मृतावस्थेतच आणले होते, दुःखात माणसाला वेळेचे भान राहत नाही, असे समितीने गृहस्थांना अतिशय सौम्यपणे समजावले.

चूक विद्यार्थ्याची होती. सीच्या लायब्ररीत, म्हणजे तयार तुकड्यांच्या संग्रहात, लोकलटाइम नावाचे एक फंक्शन असते. यंत्र वेळ नुसत्या सेकंदांत मोजते; फंक्शनला तो आकडा दिला की ते तारीख आणि वेळ काढून देते. मात्र ते उत्तर आपल्या हाती देत नाही. एका ठरावीक जागी लिहून ठेवते आणि त्या जागेचा पत्ता तेवढा देते. दुसऱ्यांदा विचारले की पहिले उत्तर पुसून दुसरे त्याच जागी लिहिले जाते. म्हणून पहिले आधी उतरवून घ्यायचे असते. विद्यार्थ्याने ते केले नव्हते. त्याच्याजवळ पत्ते दोन होते आणि जागा एकच; तिथे आगमनाची वेळ पुसून मृत्यूची वेळ लिहिली जाई. इतर रुग्णांच्या कागदावर एकच वेळ छापली जाई, त्यामुळे तेथे काही बिघडले नाही. दोन वेळा लागत त्या फक्त मृत्यूनोंदीवर. चौदा महिन्यांत असे एकतीस कागद निघाले. कागदोपत्री त्यांतल्या एकाही रुग्णाला क्षणभरही थांबावे लागले नव्हते, आणि रुग्णालयात कोणालाही याचे नवल वाटले नाही.

मूळ सेकंदांचे आकडे यंत्रात शाबूत होते. तक्रारीनंतर रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी तपासायला सांगितले तेव्हा विद्यार्थ्याने खऱ्या वेळा पाहिल्या. यापुढचे नीट करा, झालेले उकरू नका, असे व्यवस्थापक म्हणाले. विद्यार्थ्याला ते व्यवहार्य वाटले.

बाईंनी सारे ऐकून घेतले. दोन वेळांत अंतर किती, एवढेच विचारले. मग त्याला मोबाइल टेबलावर ठेवायला लावला, ओसरीतल्या बाकाकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "बस तिथं. आलेच मी."

त्या आल्या नाहीत. त्यांनी मेथी निवडली. शेजारणीशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलल्या. त्याच्यासमोरून दोनदा बाहेर जाऊन आल्या. त्याने हाक मारली की मान वर न करता म्हणत, "बसा हं, येतायत." ऊन त्याच्या पावलांवरून गुडघ्यांवर आले. घसा कोरडा पडला, पण पाणी कुणी विचारले नाही. तो तीनदा उठला आणि तीनदा बसला. म्हातारपणाने बाईंचे डोके फिरले असावे, असे त्याला वाटू लागले.

अखेर त्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"किती वेळ बसलास?"

"अडीच तास झाले असतील."

"दोन तास चाळीस मिनिटं. तू धडधाकट आहेस, छातीत कळ नाही. शेजारी जीव जातोय असं कुणी माणूस नाही. तरी तीनदा उठलास. तुझ्या कागदावर हा वेळ शून्य आहे."

बाई त्याच्या शेजारी टेकल्या.

"त्या फंक्शनच्या माहितीच्या पानावर स्पष्ट लिहिलंय, की पुढच्या वेळी हे पुसलं जाईल. लिहिणाऱ्यानं काही लपवलं नव्हतं. मी वर्गात शिकवलं, परीक्षेत विचारलं, तुला पाचपैकी पाच मिळाले. तरी चुकलास. चुकतो माणूस, त्याचं मला काही नाही. पण तू दुरुस्त केलास तो उद्या मरणाऱ्याचा कागद. जी मेली तिचा कागद अजून तसाच आहे. चौकशीच्या खोलीत वेळेचं भान एकट्या त्या माणसाला होतं, आणि तुमच्या समितीनं त्यालाच वेड्यात काढलं. तुला खरी वेळ ठाऊक आहे, आणि तू माझ्याकडे शाबासकी मागायला आलास."

"हे बाहेर गेलं तर काम जाईल, बाई."

"जाईल," बाई म्हणाल्या, आणि तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी तो खऱ्या वेळांचा कागद आणि आपल्या सहीचे पत्र घेऊन गृहस्थांच्या घरी गेला. चूक माझी आहे, समितीपुढे मी स्वतः येऊन सांगेन, असे त्याने उभ्याउभ्याच सांगितले. शिव्या खाण्याची त्याची तयारी होती. गृहस्थांनी चष्मा शोधला आणि कागद दोनदा वाचला.

"म्हणजे पोचलो तेव्हा ती होती," ते म्हणाले. "त्या समितीनंतर मी मुलीला सांगून बसलो, की आपणच उशीर केला. रिक्षा मिळाली नाही म्हणून. आधी ती भांडली, मग तिला पटलं. हळूहळू मलाही पटत चाललं होतं."

गृहस्थांनी कागदाची घडी घातली.

"असे आणखी किती?"

"तीस."

"त्यांच्या घरी सांगितलंत?"

विद्यार्थ्याने नकारार्थी मान हलवली.

"मग तुम्हाला चहा विचारत नाही. निघा."

जिना उतरताना विद्यार्थ्याच्या ध्यानात आले, की क्षमा मागायची राहूनच गेली. तो परत वर गेला नाही. तीस घरे व्हायची होती. त्याआधी क्षमा मागण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे त्याला न सांगता कळले होते.