कासव चालतं का?

एका गावात म्हणावं, तर गाव एक नव्हतं. दहा गावांतली मंडळी मिळून ‘सुतळी’ नावाची प्रोग्रामिंगची भाषा सांभाळत. भाषा खुली होती. कोणीही घ्यावी, कोणीही दुरुस्त करावी. ती कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेल, याची अधिकृत यादी मात्र पाच ज्येष्ठ ठरवत. पाचही जणांनी कोड लिहिणं केव्हाच सोडलं होतं. सभेला येणं तेवढं सोडलं नव्हतं.

एका सभेत वृंदा गावकर नावाच्या शिक्षिका उभ्या राहिल्या. त्यांच्या शाळेत अकरा जुने कॉम्प्युटर होते. सगळ्यांवर ‘कासव’ ही ऑपरेटिंग सिस्टिम.

“जिल्ह्याच्या स्पर्धेला सुतळीची नवी आवृत्ती लागते. ती कासववर चालणार असेल तर मुलींना शिकवते. नसेल तर आजच सांगा, दुसरी भाषा धरते.”

पाचांतले अध्यक्ष दाजीसाहेब खरवंडीकर यांनी बाकीच्या चौघांकडे पाहिलं. “काय मंडळी, कासव चालतं?”

“चालतं,” चौघंही म्हणाले.

कासव यादीत गेलं. मुली वर्षभर जुन्या आवृत्तीवर राबल्या. स्पर्धेच्या आठवडाभर आधी नवी आवृत्ती शाळेत पोचली आणि कासववर सुरूच होईना. बाई आधी मुलींवर रागावल्या, मग त्यांनी वायरी तपासल्या, मग यादी पुन्हा वाचली. यादीत कासव होतं. स्पर्धा मुलींविना पार पडली.

पुढच्या सभेत बाईंनी विचारलं, “तुम्ही चालतं म्हणालात ना?”

“म्हणजे आमची हरकत नव्हती,” एक ज्येष्ठ म्हणाले.

“मला वाटलं, दाजीसाहेबांनी चालवून बघितलंय,” दुसरे म्हणाले.

“अहो, मी तर तुम्हालाच विचारत होतो,” दाजीसाहेब म्हणाले.

कासववाला कॉम्प्युटर पाचांपैकी एकाच्याही घरी नव्हता. कोण कोणाला काय विचारत होतं, यावर तासभर घोळ झाला. उलगडलं काहीच नाही. शेवटी दाजीसाहेब उदारपणे म्हणाले, “जाऊ द्या बाई, कासव राहू दे यादीत. तुम्हाला चालतं ना?”

“मला चालायचं काय घेऊन बसलात? कॉम्प्युटरवर चालत नाही. नाव खोडा, निदान दुसरी शाळा फसणार नाही.”

दाजीसाहेबांनी नाव खोडलं. का खोडलं, ते पाचांपैकी दोघांना अजून कळलेलं नाही.

तात्पर्य: स्वतः चालवून पाहिल्याशिवाय ‘चालतं’ म्हणू नये. माहीत नसेल तर वेळेवर ‘माहीत नाही’ म्हणावं. वय झालं म्हणून अंदाज खरा ठरत नाही.