लुगड्याच्या टेकावरचं निशाण

समोर दिसतो तो लुगड्याचा टेक. टेकडी म्हणावी एवढाही उंच नाही, माळावरचा उंचवटाच; पण त्याच्या माथ्यावर रोवलेल्या वाशाला तांबड्या-हिरव्या चौकडीचं नऊवारी लुगडं बांधलेलं आहे, ते तुम्हाला पार ओढ्यापासून दिसलं असेल. आमच्या शर्यतीचं शेवटचं निशाण ते हेच. बाकी सगळीकडे काळं-पांढरं असतं म्हणे. असू दे.

पाहुणे मंडळी, तुम्हाला भूक लागली आहे हे मला कळतंय. पहिली गाडी येऊन बराच वेळ झाला, मटणाचा वास इथवर येतोय, आणि जिंकलेला तो कराडकडचा पोरगा हेल्मेट काखेत मारून उन्हात उभा आहे. तरी त्याला गुलाल लागणार नाही आणि तुम्हाला पान वाढलं जाणार नाही. एक गाडी अजून यायची आहे. ती आमचीच, भैरोबा मोटार संघाची. माझी नात धनश्री चालवते आहे. मला काळजी वाटत नाही असं मी म्हणणार नाही. पण नुसतं बसण्यापेक्षा गोष्ट सांगतो.

या संघाची पहिली गाडी म्हणजे लढाईतून मोडीत निघालेली एक जीप. गावानं मिळून घेतलेली, शर्यतीसाठी नव्हे, पाण्यासाठी. उंबराच्या विहिरीवरून पिंपं भरायची आणि वाड्या-वस्त्यांवर पोचवायची, हे तिचं काम. चालवायचे माझे वडील, सर्जेराव डुबल. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. शहरातल्या हौशी मंडळींनी या माळावर मोटारींची शर्यत ठेवली, तेव्हा दादांच्या डोक्यात वारं शिरलं. चार मित्र जमवले, भैरोबाचं नाव घेतलं आणि संघ काढला.

गावाला ते पटेना. आप्पा पाटील चावडीवर म्हणाले, "जायचं तर जा. पर गाडी निशाणाखालनं आली पायजे. न्हाई आली, तर इंजान काढून हिरीवर बशिवणार. मोटंला तेवढीच मदत."

म्हणजे संघ जन्मायच्या आधीच मोडायचा. दादा त्या दिवशी जेवले नाहीत, असं सांगतात.

माझी आई ठकूबाई. तिनं जोगूबाईला नवस बोलला, नवरा धड परत येऊ दे, तुला लुगडं नेसवीन. माहेरच्या कोष्ट्याकडून चौकडीचं लुगडं विणून आणलं. तसलं लुगडं तिनं स्वतः कधी अंगाला लावलं नव्हतं.

शर्यत सुटली. मी तेव्हा आईच्या कडेवर होतो, त्यामुळे मीही 'म्हणे'च म्हणणार. म्हणे, दादा निम्म्या वाटेपर्यंत सगळ्यांच्या पुढे होते. मग वाट उंबराच्या विहिरीजवळून गेली. तिथं गावच्या बायका घागरी ठेवून उभ्या होत्या. त्यांनी कौतुकानं हात वर केले. आणि दादांनी काय करावं? ब्रेक दाबला! रोजची सवय. विहिरीवर बायकांनी हात केला की थांबायचं. थांबलाच की गडी!

इंजिन जे बसलं ते उठेना. एकेक गाडी धुरळा उडवत निघून गेली. बायकांनी घागरी टाकल्या, पदर खोचले, आणि गाडीला खांदा लावला. "दाजी, आमच्यापायी झालं न्हवं? मग आमीच ढकलणार!" ओढ्यापर्यंत ढकलत नेली तेव्हा कुठं ती फुरफुरली.

इकडे पहिले तीन आले, आणि शहरातल्या माणसांनी निशाण गुंडाळून पेटीत टाकलं. आई टेकावर उभी होती. तिनं जाऊन विचारलं, "आमची गाडी यायचीय की अजून."

"बाई, शर्यत संपली," तो माणूस म्हणाला आणि जेवायला गेला.

तेवढ्यात लांब धुरळा दिसला. गाडी येत होती, पण ज्याच्याखालून यायचं ते निशाणच नव्हतं. आईनं पाटलांकडे पाहिलं. मग तिनं मला खाली ठेवलं, बोचकं सोडलं, आणि जोगूबाईचं लुगडं झटकून उघडलं.

"अगं ठके, देवीचं हाय त्ये!" बायका ओरडल्या. आईनं ऐकलं नाही. दोन्ही हातांनी लुगडं डोक्यावर धरलं. सकाळपासून झाडाचं पान हललं नव्हतं, आणि त्या लुगड्यात वारं भरलं म्हणे. आता आमच्या माळाला दुपारचं वारं सुटतंच, पण ते माझ्या आईसमोर म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. धुरळ्यात वाट हरवलेल्या दादांना चौकडी दिसली. गाडी जवळ आली, आईनं निशाण पाडतात तसं लुगडं खाली पाडलं, आणि जीप त्याच्या पुढ्यातून पार झाली.

पाटील म्हणाले, हे धरायचं नाही. तेव्हा देवीचा पुजारी भिकू गुरव पुढे आला. "लुगडं कुणाचं, आप्पा?"

"जोगूबाईचं."

"मग निशाण कुणी पाडलं?"

पाटलांनी हात जोडले. इंजिन जीपमध्येच राहिलं. लुगडं तसंच, धुळीसकट, देवीला नेसवलं.

तेव्हापासून शेवटची गाडी आल्याशिवाय इथं कुणी जेवत नाही. जो पहिला येतो, त्यानंच शेवटच्यासाठी निशाण पाडायचं, आणि दर वर्षीचं ते नवं लुगडं शेवटच्यानं घरी न्यायचं, घरच्या बाईला नेसवायचं. त्या वर्षी पहिलं कोण आलं, गावात कुणालाही सांगता येणार नाही.

आईची मात्र एक तक्रार राहिली. तिचं लुगडं देवीला गेलं आणि पुढं आमचा संघ सुधारला! दादा कधी दुसरे, कधी तिसरे. एकदा त्यांनी मुद्दाम रेंगाळून पाहिलं, तर मागच्याची गाडी ओढ्यात रुतली. पण तोही बिचारा ओढ्यातून निघाला आणि शेवटचा आला. लुगडं त्याच्या घरी गेलं. आई म्हणायची, "मेल्यांनो, सगळे म्होरंच पळताय. माजं लुगडं कवा आणणार?" ती गेली, तरी आलं नाही. धनश्रीनं स्टिअरिंग धरल्यावर तर आशाच सुटली. तिरसाली दुसरी, गेल्या वर्षी गिअरबॉक्स मोडत आला तरी पहिली. बाहेरच्या मैदानांवरही संघाचं नाव झालं. आजही विहिरीपर्यंत तीच पुढे होती असं...

थांबा. उठा, उठा. तो धुरळा बघा.

तीच आहे! बॉनेट विहिरीच्या दोरानं बांधलंय आणि मागून बायका पळत येताहेत. अरे कराडच्या पोरा, सोड ते लुगडं! सोड!

आली. पोरगी उतरली, डोळे पुसतेय. "आबा, रेडिएटर फुटला. हिरीवरच्या काकींनी पाणी ओतलं म्हणून आले. हरले मी."

हरली म्हणे. अगं, तुझ्या पणजीनं हयातभर वाट पाहिली या हरण्याची. रडू नकोस, बघ, आता मीच रडायला लागलो. घरच्या बाईला नेसवायचं ना? मग घे, तूच नेस, या शर्यतीच्या कपड्यांवरूनच गुंडाळ. आणि जरा टेकावर जाऊन उभी राहा.

पाहुणे, बघितलंत? आजही तिथं चौकडीचं लुगडं उभं आहे, आणि आज ते आमच्या घरचं आहे. आई, आलं गं तुझं लुगडं.

चला, वाढा रे पानं.