चिलारवाडीचे बहिरे मास्तर

वेशीवरच्या वडाला एकही पारंबी फुटली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. चिलारवाडीत शाळा होती, पण शाळेला घर नव्हतं. मारुतीच्या देवळाच्या ओवरीत पोरं मांडी घालून बसायची आणि हैबती मास्तर खांबाशी उभे राहून शिकवायचे. मास्तरांचा आवाज असा, की त्यांनी इकडे पाढा सुरू केला की ओढ्यापलीकडचे गुराखी पुढचा आकडा म्हणायचे, असं म्हणतात. हातात कायम निरगुडीची छडी. "माझ्या हाताखालून एक पोर कोरं गेलेलं नाही," असं ते चारचौघांत सांगायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या साली गावानं विहीर खणायला काढली. जमीन सगळी कातळाची, म्हणून वडार बोलावले. गाढवांवर पालं लादून ते आले आणि माळावर उतरले. त्यांच्यातल्या हणमाची बायको यल्लव्वा एका सकाळी सात वर्षांच्या लेकीला घेऊन ओवरीच्या पायरीशी आली. पायरी काही चढली नाही. मराठी तिला बेताचीच यायची.

"मास्तर, ही तिम्मी. पोर शानी हाय. पन ऐकत न्हाई."

मास्तर हसले. "माझ्यापुढं दगड ऐकतात, बाई. बसव तिला."

यल्लव्वाला वाटलं, मास्तरांना कळलं. ती पोरीला बसवून कामावर गेली.

तिम्मी दोन पावसाळे शाळेत आली. एक दिवस चुकली नाही. पण मास्तरांनी हाक मारली तर मान वर करायची नाही. पाढा म्हण म्हटलं तर नुसती तोंडाकडे बघत राहायची. पाटीवर मात्र अक्षर असं काढायची, की जणू छिन्नीनं कोरलंय. मास्तरांना त्याचाच जास्त राग यायचा. म्हणजे हिला येतंय, आणि ही मुद्दाम बोलत नाही! मग छडी. एका हातावर, मग दुसऱ्या. तिम्मी बोटं हलवून काहीतरी करायची. मास्तरांना वाटायचं, वाकुल्या दाखवते. मग आणखी एक. पुढंपुढं तर मास्तरांची सावली पाटीवर पडली की तिम्मी पेन्सिल खाली ठेवायची आणि आपण होऊन हात पुढं करायची. मास्तरांना वाटायचं, सुधारतेय.

विहीर चाळीस हात खाली गेली आणि काळा पाषाण लागला. तिथं पहार चालेना. हणमा सुरुंग लावू लागला. सुरुंग उडवायचा तो रोज दिवस कलल्यावर, शाळा सुटून पोरं पांगल्यावर. पण एका संध्याकाळी वात दमट निघाली, सुरुंग उडालाच नाही. हणमानं रात्रभर कुणाला विहिरीजवळ फिरकू दिलं नाही. सकाळी उन्हानं दगड तापल्यावर त्यानं नवी वात घातली. लाल फडकं हलवलं, ओरडला, पण वारा उलटा होता. देवळापर्यंत काही ते पोचलं नाही.

मास्तर उजळणी घेत होते. तेवढ्यात आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला.

देवळातली घंटा कुणी हात न लावता वाजली. पारव्यांचा थवा एकदम उडाला. ओवरीची दोन कौलं सुटून खाली फुटली. पोरं किंचाळत एकमेकांवर पडली आणि मास्तरांच्या हातची छडी कधी गळली ते त्यांनाही कळलं नाही. धूळ खाली बसली. मास्तरांनी पोरं मोजायला सुरुवात केली.

आणि त्यांना तिम्मी दिसली.

ती माळाकडे पाठ करून बसली होती. फुटलेलं कौल तिच्यामागं वीतभर अंतरावर पडलं होतं. तिम्मी 'क्ष' काढत होती. अक्षराचा शेपटा तिनं नीट वळवून पुरा केला. मग मघाशी जमिनीत काहीतरी हललं होतं म्हणून डावा पंजा फरशीवर टेकला, जरा वेळ ठेवला, आणि पुन्हा पाटीवर वाकली.

मास्तर तिच्यापाशी गेले. त्यांनी हाक मारली, "तिम्मे." मग मोठ्यानं, "तिम्मे!" मग ओढ्यापलीकडे जाणाऱ्या त्या आवाजात, "तिम्मे!" पोरीची पापणी हलली नाही. तेवढ्यात सूर्य देवळाच्या कळसाआडून सरकला आणि मास्तरांची सावली पाटीवर पडली.

तिम्मीनं पेन्सिल ठेवली. हात पुढं केला.

मास्तर मटकन खाली बसले. तोंड उघडं, डोळे उघडे. बघता बघता माणसाचं लाकूड व्हावं तसे. पोरं आधी सुरुंगाला भ्याली होती, आता मास्तरांना भ्याली. शेवटी कोष्ट्याची अनुसया पुढं झाली आणि म्हणाली, "मास्तर, तिला ऐकू येत न्हाई. आमास्नी ठावं हाय."

"कधीपासून?"

"ती आली तवापासून."

"मग बोलला का नाहीत गं?"

अनुसया घुटमळली. "उजळणीबिगर बोललं तर तुमी मारता."

त्या दिवशी शाळा भर सकाळी सुटली. मास्तर तिम्मीचं बोट धरून माळावर गेले. म्हणजे खरं तर तिम्मीनंच त्यांचं बोट धरलं होतं, कारण त्यांना वाट दिसत नव्हती, असं म्हणतात. पालापुढं यल्लव्वा भाकरी थापत होती. मास्तरांनी विचारलं, "हिला ऐकू येत नाही?"

यल्लव्वा म्हणाली, "म्या पैल्या दिशीच सांगितलं न्हवं? पोर ऐकत न्हाई म्हून."

"मला वाटलं..." मास्तर थांबले.

"काय वाटलं?"

मास्तरांनी तिम्मीचे दोन्ही तळवे उलगडून यल्लव्वापुढं धरले. यल्लव्वानं ते रोज पाहिले होते. दगड उचलणाऱ्यांच्या घरात सगळ्यांचेच हात तसले. लेकही खेळता खेळता खडी उचलते, त्याचेच वळ असतील, असं ती समजत होती. आता तिनं छडीच्या जाडीचे वण बोटानं चाचपले. एक, दोन, तीन. भाकरी तव्यावर जळाली. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "शिकवायला धाडली हुती, मास्तर."

तिथून पुढं मास्तरांचा आवाज गेला. कुणी म्हणतं सुरुंगानं गेला, कुणी म्हणतं यल्लव्वाच्या शब्दानं. छडी त्यांनी देवळामागं जमिनीत खुपसली आणि आठ दिवसांत तिला पालवी फुटली. निरगुडीची फांदी कुठंही खोचली तरी फुटते, असं शहाणी माणसं म्हणतात. गाव तसं म्हणत नाही.

मास्तर डोंगरात गेले. आग्या मोहोळाखालचं मेण गोळा करून आणलं, तेलात मळलं, आणि दोन्ही कानांत गच्च भरलं. थोरल्या पोरांवर शाळा सोपवली आणि स्वतः मागच्या रांगेत, तिम्मीच्या शेजारी जाऊन बसले. तिथून त्यांना शाळा दिसली. नुसती हलणारी तोंडं. सगळे हसतात ते कशाला, कळत नाही. सगळे उठतात ते कशाला, कळत नाही. पहिल्या दिवशी मास्तरांना घाम फुटला, दुसऱ्या दिवशी झोप यायला लागली, तिसऱ्या दिवशी समोरच्या पोराच्या पाठीत गुद्दा घालावासा वाटला. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की ही पोर दोन वर्षं इथं बसूनही एकदाही शाळा चुकली नव्हती.

आता, वडारांचा एक हुन्नर होता. खाणीत घणांचा आवाज असा असतो, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून ते हातांनी बोलायचे. पाणी, थांब, दगड सुटला, वर ये, भूक लागली, सगळ्याला खुणा होत्या. तिम्मी जन्मापासून त्याच भाषेत बोलत होती. ज्या बोटांना मास्तर वाकुल्या समजत होते, ती बोटं दोन वर्षं एकच गोष्ट विचारत होती: काय चुकलं?

हे जेव्हा यल्लव्वानं मास्तरांना ओठ आणि हात हलवून समजावलं, तेव्हा ते तिच्या पालापुढं दिवस मावळेपर्यंत बसून राहिले, असं म्हणतात. मग त्यांनी हात जोडले आणि खुणेनं म्हणाले, मला शिकव. यल्लव्वा कडक मास्तरीण होती. मास्तर खूण चुकले की ती पुन्हा करून घ्यायची, दहादा, वीसदा. चुकून कधी मास्तरांनीच तळहात पुढं केला, तर तिम्मी त्यावर बोटानं बरोबर खूण काढून दाखवायची आणि खुदकन हसायची.

वर्षभरात सगळी शाळा हातांनी बोलू लागली. पाढ्यांना खुणा झाल्या, अक्षरांना खुणा झाल्या. तिम्मी बघता बघता सगळ्यांच्या पुढं गेली. मग मास्तरांनी गावातली घरं धुंडाळायला घेतली. शाळेत 'येत नाही' म्हणून सोडलेलं पोर कुठं कुठं बसलंय? एक गोठ्यात सापडलं, त्याचे पाय लुळे होते. त्याला पोरांनी पाळी लावून पाठुंगळीला आणलं. एकीला दिसत नव्हतं. तिच्यासाठी हणमानं दगडाच्या लादीवर अक्षरं कोरून दिली. मास्तरांना प्रत्येक घरात नवा धक्का बसायचा. ही पोरं त्यांच्या दारावरून जाता-येता तिथंच होती.

आजूबाजूच्या बारा गावांचे मास्तर हे ऐकून आधी हसले. मग बघायला आले. हैबती मास्तरांनी दारातच पाटीवर लिहून नियम सांगितला: विचारायचं ते विचारा, पण आधी तीन दिवस कानांत मेण घालून मागच्या रांगेत बसा. आणि शिकवणार तिम्मी.

पाटील तणतणत आला. "वडाराच्या मुक्या पोरीपुढं बारा गावचे मास्तर मांडी घालून बसणार? लाज हाय का न्हाई?"

मास्तरांनी त्याच्या ओठांकडे बघून हातांनी उत्तर दिलं. भरभर, लांबलचक.

"काय म्हणताय?" पाटील म्हणाला.

मास्तरांनी पुन्हा तसंच केलं, आणखी भरभर. पोरं हसू लागली. पाटलाचा चेहरा लाल झाला. "अरे, काय म्हणताय ते सांगा की कुणीतरी!"

मास्तरांनी पाटी घेतली आणि लिहिलं: 'बसा.' पाटील बराच वेळ उभा होता. शेवटी पागोटं मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसला.

त्या मास्तरांत एक दौलत मास्तर होते, मोठे दांडगे, हसरे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कानातलं मेण ओढून काढलं आणि पोरांसमोर ओक्साबोक्शी रडू लागले. "माझ्याकडं असाच एक होता," ते म्हणाले. "मी त्याच्या बापाला सांगितलं, ह्याला ढोरांमागं धाड." ते तसेच उठले आणि नऊ कोस अनवाणी आपल्या गावाकडे पळाले. चौथ्या दिवशी परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक पोर होतं, आणि राहिलेला दीड दिवस भरायला ते पुन्हा मेण मागत होते.

विहिरीला पाणी लागलं तशी वडारांची पालं उठायची वेळ आली. हणमानं गाढवं लादली. मास्तर आडवे आले नाहीत. त्यांना तो हक्क वाटत नव्हता. पण गाव आडवं आलं, आणि सगळ्यांच्या पुढं पाटील. त्याला हातांची भाषा अजून नीट जमत नव्हती. त्यानं थांब आणि भूक या दोन खुणा एकात एक मिसळल्या. यल्लव्वा पहिल्यांदाच मोठ्यानं हसली. तिनं गाढवावरचं पाल खाली ओढलं.

तिम्मी चिलारवाडीत म्हातारी झाली. तिला मास्तरांची मास्तरीण म्हणायचे. हैबती मास्तरांनी म्हातारपणी कानांतलं मेण काढलं, तेव्हा त्यांना खरंच ऐकू येईनासं झालं होतं, असं म्हणतात. पण मागं बसलेल्या पोरानं नुसतं बोट हलवलं, तरी ते वळून न बघता उत्तर द्यायचे. ते गेले त्या दिवशी बारा गावची पोरं माळावर जमली. कुणी हंबरडा फोडला नाही. नुसते हात वर झाले, शेकड्यांनी, आणि म्हणतात की त्या हातांचा आवाज ओढ्यापलीकडच्या गुराख्यांनी ऐकला.

आता चिलारवाडीत पक्की शाळा आहे. तिथं नवा मास्तर किंवा बाई बदलून आली, की गाव त्यांना नारळ देत नाही, हार घालत नाही. डोंगरातलं मेण आणतात, तेलात मळतात, आणि हैबती मास्तरांचं नाव घेऊन त्यांच्या कानांत भरतात. तीन दिवस त्यांनी मागच्या रांगेत बसायचं. शाळेत ज्याला ऐकायला, बघायला किंवा चालायला अडतं, ते पोर त्यांना शिकवतं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटताना तेच पोर त्यांच्या कानांतलं मेण काढतं. सगळी शाळा गप्प बसून त्यांच्याकडे बघत असते. आणि गावात सांगतात, मेण निघाल्याबरोबर तोंड उघडून बोललेला मास्तर आजवर एकही झालेला नाही; आधी त्यांचे हातच बोलतात.