राजाच्या मुखी श्रेष्ठीची वाणी

पूर्वी त्रेतायुग सरून द्वापराचा उदय होत असताना पश्चिमसागराच्या तीरी क्षारपुरी नावाचे एक कोवळे राज्य होते. राजा सुनेमी अभिषिक्त झाला तेव्हा त्याच्यापाशी ना कोश होता, ना सेना; नगराचा तट, टेकडीवरचा प्रासाद, फार काय, तो बसे ते सिंहासनही मणिदत्त श्रेष्ठीने घडवून दिलेले. मिठागरांचा आणि गलबतांचा धनी असलेला हा श्रेष्ठी सभेत राजाच्या उजव्या हाताला बसे आणि खोकत खोकत सल्ला देई. त्या राज्याची एक रीत होती. राजमुखातून निघालेला शब्द सभेने एकमुखाने तीनदा उच्चारायचा, मगच ती आज्ञा. तोवर कोणी जागचे हलायचे नाही.

एकदा मणिदत्ताने खाडीकाठचे तिवरांचे वन तोडून तेथे नवी मिठागरे करण्याची अनुज्ञा मागितली.

सुनेमी म्हणाला, "श्रेष्ठी, त्या वनाने सागर थोपवून धरला आहे. कोळी तसे सांगतात आणि मला ते पटते. वन तुटणार नाही."

सभेने ते तीनदा म्हटले आणि तीनही वेळा मणिदत्ताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्याला आपण हाताला धरून सिंहासनावर बसवले, त्यानेच चारचौघांत आपल्याला नाही म्हणावे!

तो तडक त्या वनातल्या शंखमौली ऋषींच्या आश्रमात गेला. तेथे तिवरांच्या मुळ्यांतून भरती चढे आणि उतरे, बगळे समाधिस्थ उभे असत, आणि भर मध्यान्हीही पान वाजत नसे. मागे वादळात आश्रमाचा अग्नी विझू लागला असता श्रेष्ठीने चंदनकाष्ठे धाडून तो राखला होता. तेव्हा ऋषींनी त्याला एक वर देऊ केला होता.

"भगवन्," तो म्हणाला, "तट माझा, प्रासाद माझा, सिंहासन माझे, मग तेथून निघणारा शब्द तेवढा परक्याचा का? माझी वाणी राजाच्या मुखातून निघो!"

ऋषींनी डोळे उघडले.

"तथास्तु. पण वत्सा, वाणी एकच. उद्या सूर्योदयापासून ती तेथे असेल, तुझ्या कंठात असणार नाही, आणि परतायचीही नाही. घरी कोण आहे तुझ्या?"

"एक कन्या. शुक्ती."

"तिच्याशी आज पोटभर बोलून घे."

श्रेष्ठी मनातल्या मनात हसला. त्याच्या डोक्यात मिठागरांचे आराखडे होते; लेकीशी बोलायचे राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी सभेत त्याने ओठ हलवले. शब्द फुटला नाही. सिंहासनावर तरुण सुनेमीचे मुख आपोआप उघडले आणि घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात, मध्येच खोकत, बोलले, "वन तोडा." राजाचे डोळे भयाने विस्फारले. त्याने दोन्ही हातांनी मुख दाबले, तरी शब्द बोटांच्या फटींतून येतच राहिले. सभासदांच्या अंगावर काटा उभा राहिला. पण रीत ती रीत! त्यांनी तीनदा म्हटले, खोकल्यासकट.

वन गेले. शंखमौली कोठे गेले ते कोणी पाहिले नाही.

घरी शुक्ती विचारी, "तात, आपण माझ्यावर रागावला आहात का?" मणिदत्त ओठ हलवी, आणि दूर टेकडीवर राजा म्हणे, "नाही गं, बाळे." सभा ते गंभीरपणे तीनदा म्हणे. बिचारी पोर! बापाच्या ओठांवरून शब्द जुळवायची तिने सवय करून घेतली.

चैत्री अमावास्येच्या मध्यान्ही ती मिठाच्या शुभ्र राशींमधून बापाकडे येत होती. तो बांधावर उभा होता. तिच्या पाठीमागे सागर उठला, जराही आवाज न करता, ताडाएवढा.

"पळ, शुक्ती, पळ!" मणिदत्त जीव तोडून ओरडला.

त्याचे ओठ हलताना दिसले म्हणून ती नेहमीसारखी थबकली, आणि शब्द जुळवू लागली.

टेकडीवर राजा तीच आरोळी ठोकत सिंहासनावरून उठला. प्रासादाच्या दाराशी वायुवेगी अश्व सज्ज होते. सभा हात जोडून म्हणाली, "पळ, शुक्ती, पळ." मग दुसऱ्यांदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणून होईपर्यंत खाली बांध नव्हता, मीठ नव्हते, बाप नव्हता, लेक नव्हती.

सुनेमी त्यानंतर कधी बोलला नाही. राज्य गेले, प्रासाद ढासळला, पण त्या खाडीत लाट अजून मुक्याने फुटते, आणि अमावास्येच्या मध्यान्ही टेकडीवरच्या भग्न सभेतून कोणी म्हातारा खोकत खोकत हाक घालतो, "पळ, शुक्ती, पळ." मागून अनेक कंठ तेच तीनदा म्हणतात. खाडीकाठचे कोळी मात्र तेवढे थांबत नाहीत. पहिल्या हाकेलाच ते लेकरे उचलतात आणि चढणीला लागतात.